डावं पाऊल

‘ऑपरेशनची वेदना कोण सोसणार?’ हा फॉर्मवरचा रकाना धनाजीने केव्हाच भरला होता. स्वतःचं नाव घालून अंगठाही दाबला होता. तरी स्क्रीन लालच होती, आणि मागे स्ट्रेचरवर त्याच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, ओठ निळे पडत चालले होते.

“पेशंट आधीपासूनच दुसऱ्या कुणाची तरी वेदना सोसतायत,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. “ती उतरवल्याशिवाय ऑपरेशन नाही. त्यांच्या हृदयाला झेपायचं नाही.”

“मग उतरवा की!”

“ज्याची आहे त्यानेच परत घ्यावी लागते.”

“कोण आहे तो?”

“नाव सांगता येत नाही.”

धनाजीने भिंतीवरच्या रुग्णहक्कांच्या फलकावर हात आपटला. “हे काय लिहिलंय? बिलातली ओळन् ओळ मागायचा हक्क आहे आम्हाला. काढा बिल!”

बाईंनी बिल पुढे सरकवलं. शेवटची ओळ होती : वेदना, डावं पाऊल, नऊ वर्षं, शुल्क नाही. पुढे त्याचंच नाव.

नऊ वर्षांपूर्वी कारखान्यात त्याचं डावं पाऊल गेलं, पण आपल्याला कधी दुखलं नाही, अशी फुशारकी तो गावभर मारायचा. अक्का डावा पाय धरून कण्हायची, एक्स-रेत काही निघायचं नाही, तेव्हा “नाटकं पुरे” म्हणणाराही तोच.

त्याने अंगठा दाबला. जिथे पाऊल नव्हतंच तिथे निखारा पेटला आणि तो फरशीवर कोसळला.

अक्काने पाय हलवून पाहिला. तिचे डोळे भीतीने विस्फारले. उरलासुरला जीव गोळा करून ती ओरडली, “धना, माझं दुखणं कुणी काढलं रे?”