मागच्या सीटवरची पेशंट

'थांबा.' परदेशी बाईने त्या ओळीवर तिसऱ्यांदा बोट ठेवलं आणि पुस्तक मागून मोरिवाकीच्या डोळ्यांसमोर धरलं.

मोरिवाकीने टॅक्सी थांबवली नाही. घाटात थांबून पेशंट बरा होत नसतो. खालचं हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं. एकतीस वर्षांत त्याच्या गाडीत कुणी दगावलं नव्हतं, आणि आजही तो ते होऊ देणार नव्हता.

पुस्तक प्रवाशांसाठीचं होतं. अडीअडचणीला लागणारी जपानी वाक्यं, शेजारी तिच्या भाषेत अर्थ. एरवी बाईला जपानी ओ की ठो येत नव्हतं. तिने पान उलटलं. 'हात बधिर झाला आहे.' मग 'रुग्णवाहिका बोलवा.' आरशात दिसलं, तिने स्वतःचा डावा दंड धरला होता आणि दुसऱ्या हाताने ओठाचा कोपरा खाली ओढला होता.

मोरिवाकीने वायरलेस उचलला. तो निसटून पायाशी पडला. हे पांढरे हातमोजे बदलायलाच हवे होते. पुन्हा उचलून तो टॅक्सी ऑफिसातल्या ऑपरेटरला म्हणाला, "सुगाताबाई, गाडीत पेशंट आहे. हॉस्पिटलला कळवा."

"मोरिवाकीसान, सकाळी सकाळी तोंडात तांदळाची चिकट मोची कोंबलीय का? एक अक्षर कळत नाहीये."

घाटात वायरलेस नेहमीच दगा द्यायचा.

पुढच्या वळणावर गाडी डावीकडच्या कठड्याला घासता घासता राहिली. बाईने त्याचा खांदा घट्ट धरला. बिचारीला फार त्रास होत असावा. ओकाने नावाच्या आजींचं चहाचं दुकान दिसताच त्याने अखेर ब्रेक दाबला. बाई स्वतःच दार उघडून पुस्तक घेऊन पळत सुटली.

"पळू नका, जिवावर बेतेल," तो ओरडला. तिने वळूनही पाहिलं नाही.

आजींनी लगेच फोन लावला. बाई परत येऊन मागे बसली आणि घड्याळात बघत राहिली. उतरून तिला पाणी तरी द्यावं, असं त्याच्या मनात आलं, पण पाय उचलेना. इतका जुना ड्रायव्हर आणि भीतीने पाय गळाले, याची त्याला लाज वाटली.

पंधरा मिनिटांत रुग्णवाहिका आली. माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. मोरिवाकीने शिरस्त्याप्रमाणे सीटखालचा खटका ओढला आणि पेशंटसाठी मागचं दार उघडून दिलं.

स्ट्रेचर त्या दारावरून पुढे गेलं. माणसांनी मोरिवाकीचं दार उघडलं आणि त्याच्या छातीवरचा पट्टा सोडवला.