पहिल्या घाण्याची गाडी

व्हॅनमावशींनी दाराच्या वरची मूठ धरली आणि कुणाचाही हात न घेता त्या गाडीत चढून बसल्या. सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीची होती. वाकावं लागलं नाही, कण्हावं लागलं नाही. दोन्ही पाय आत घेऊन त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

नवरा बोनेटखाली डोकं घालून उभा होता. जन्मभर त्यांनी गिअरच्या कारखान्यात माल तपासला होता. हातातून सहजासहजी काही सुटत नसे, म्हणून कामगारांनी त्यांना नापासराव हे नाव दिलं होतं आणि तेच पुढे सगळीकडे चिकटलं.

"बाजारात कधी आली ही?" त्यांनी बोनेटखालूनच विचारलं.

"याच वर्षी, काका," शोरूमची मुलगी कौतुकाने म्हणाली. "इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, स्क्रीन नवी. जुनं काही म्हणजे काही नाही."

"तेच तर दुखणं आहे." नापासरावांनी बोनेट लावलं. "पहिल्या घाण्याचा माल. चुका कारखान्याच्या आणि भोग गिऱ्हाइकाचे. वर्षभर थांबू. लोकांच्या गाड्या अडू देत, कंपनीला अक्कल येऊ दे, मग घेऊ."

"स्वयंपाकघरात पहिल्या घाण्याचं उभ्याउभ्या कोण खातं?" मावशी आतून म्हणाल्या.

मुलगी हसली. नापासराव हसले नाहीत.

"अगं, जीभ पोळली तर पाणी पिता येतं. भर रस्त्यात गाडी अडली तर तुला घेऊन मी कुठे जाऊ?"

कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून घरच्या बुटक्या गाडीत मावशींना पोत्यासारखं भरावं लागे; एका बाजूने नवरा, दुसऱ्या बाजूने शेजारी. दवाखान्यापुरतं त्या सोसत. बाकी कुणी बोलावलं की, "राहू दे, पुढच्या वेळी," म्हणत. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांनी शाळेची व्हॅन चालवली होती.

"मी चालवून बघू का?" त्यांनी विचारलं.

"तू?"

"डॉक्टरांची हरकत नाही. पंचाईत फक्त बसायची होती. आता तर बसले."

मुलगी शेजारी बसली, नापासराव मागे. पहिल्या चौकापर्यंत मावशी खांदे आखडून होत्या. दुसऱ्या चौकात एक रिकामा टेम्पो आडवा घुसला, तेव्हा त्यांनी हॉर्न दिला आणि काच खाली करून, "डोळे घरी ठेवलेत का रे?" असं खणखणीत आवाजात विचारलं. त्यानंतर खांदे सैल झाले. शाळेच्या फाटकापाशी पाय आपसूक ब्रेकवर गेला. सुट्टी होती. फाटकाला कुलूप होतं. गाडी क्षणभर तिथे थांबली आणि मागच्याने हॉर्न वाजवल्यावर पुढे निघाली.

"टेकडीपर्यंत नेऊ?" त्यांनी मुलीला विचारलं. मुलीने मान डोलावली.

चढ जवळजवळ संपत आला होता, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. इंजिन गप्प झालं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मावशींनी सगळा जोर लावून गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

मुलीने सगळी बटणं दाबून पाहिली. तिच्या कपाळावर घाम आला. "काका, खरं सांगते, असं आधी कधीच झालं नाही."

"आधी म्हणजे कधी? हिचा जन्मच परवाचा."

दुसरी गाडी मागवायला मुलगी फोन कानाला लावून खाली उतरली. नापासरावही उतरले. त्यांचा अंदाज याही वेळी खरा ठरला होता. त्यांची चालही जरा ऐटीची झाली होती. वळसा घालून ते बायकोच्या दाराशी आले आणि दार उघडून हात पुढे केला.

"उतर हळूच. पटलं ना आता?"

"पटलं."

पण मावशी हलल्या नाहीत. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. पुढे रस्ता टेकडीच्या पलीकडे उतरत जात होता, दोन्हीकडे झाडं, आणि दूर तळाशी नदी.

"इथून नदी दिसते," त्या म्हणाल्या. "आपल्या गाडीतून नुसती दुसऱ्यांची चाकं दिसतात."

नापासरावांनी मान वळवून पाहिलं. ते खाली उभे होते. त्यांना कठड्याचे दगड दिसले.

"वर्षभराचा तर प्रश्न आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "नक्की घेऊ. शब्द देतो."

"थांबू की. माझ्या कमरेलाही सांगून ठेवते, वर्षभर थांब म्हणून."

त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर नापासरावांना काहीतरी बोलता आलं असतं.

"दुसरी गाडी येईपर्यंत बसू द्या मला इथे," मावशी म्हणाल्या. "एवढंच."

नापासराव दार धरून उभे राहिले. रस्त्याच्या कडेला मुलगी फोनवर कुणाची तरी मनधरणी करत होती. त्यांनी बायकोचं दार अलगद लावलं. पुन्हा वळसा घातला आणि या खेपेला मागे न बसता ते तिच्या शेजारी बसले. इथून नदी खरंच दिसत होती.

मग नापासरावांनी बेल्ट ओढून घेतला आणि खटका बसेपर्यंत दाबला.

"चल," ते म्हणाले. "हीच घेऊ; अडली तर असेच बसू."