पडल्याचा एक गुण

सौंसरला मुलींच्या रोलर फिगर स्केटिंगची शेवटची फेरी होती. दुहेरी उडीत पूनम कठड्याजवळ आपटली, हनुवटी फुटली. कठड्यामागे तिचा बाप होता, डोक्याला कालच्या गोटमारीचे टाके. पांढुर्ण्याला दरवर्षी नदीच्या दोन काठांवरून खेळल्या जाणाऱ्या त्या दगडफेकीत पडलेल्याला नदीत सोडत नाहीत. वीस वर्षं त्यानं जखमीच उचलले. “रक्त वाहून राहिलं, माय!” म्हणत त्यानं कठड्याखालून हात घातला. “बाबा, हात नोका लावू! पडल्याचा एकच गुण कापतेत, कोणी उचललं का बाहेर काढतेत!” तो ऐकेना. हात दंडाला भिडणार, तेवढ्यात तिनं स्केटची चाकं बोटांवर हाणली. हाडं कडकडली. त्याच पायावर उठून तिनं उरलेल्या उड्या मारल्या. फलकावर ती पहिली होती. सुजलेला हात छातीशी धरून बापानं विचारलं, “मले मारल्याचे किती कापले?” “गुणपत्रकात त्याचा रकानाच नाही.” तो हसला. “गोटमारीतबी नाही, माय.”