तीन माणसांचं झाड

वाचनालयानं रविवारी सगळ्यांना बागेत सहकुटुंब बोलावलं होतं. जन्मभर लोकांची मापं घेतलेले शिंपीकाका एकटेच गेले.

सगळ्यांनी मिळून जंगलाचं पुस्तक वाचलं. मग ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आता प्रत्येक घरानं एक झाड निवडायचं. हातात हात धरून त्याला वेढा घालायचा, आणि किती माणसं लागली ते लिहायचं."

काकांनी सवयीनं खिशातून टेप काढली.

"टेप नाही चालायची, काका. माणसंच हवीत."

काकांनी समोरच्या जुन्या झाडाला मिठी मारून पाहिली. निम्मंही कवेत येईना. पलीकडून मायलेकी त्याच झाडाशी झटत होत्या. लेक ओरडली, "आजोबा, आम्ही दोघीच आहोत. आमच्यात येता?"

काकांनी तिचा हात धरला. दुसऱ्या हाताची बोटं आईच्या बोटांना जेमतेम टेकली आणि वेढा पुरा झाला.

"तीन माणसं!" मुलगी आनंदानं ओरडली.

आईनं वहीत लिहिलं. बाकीची घरं आपापला आकडा सांगायला ग्रंथपालबाईंकडे निघाली. काका मात्र खोडाला गाल टेकून, डोळे मिटून तसेच उभे.

"आजोबा," मुलगी हळूच म्हणाली, "झालं मोजून. आता माझा हात सोडा ना."