बिब्ब्याचा डाग

फोटो पुरुषभर उंचीचा होता, सरजाबाई त्यात आहे तेवढीच उभी होती, पण कपाळ तिचं नव्हतं.

नाक तिचंच. सुरकुत्या तिच्याच. पांढऱ्या लुगड्याचा निळा काठसुद्धा तिचाच. दोन भुवयांच्या मधोमध लहानपणी गोंदलेला हिरवट ठिपका होता, तो तर चांगला उठून दिसत होता. ठिपक्याभोवतीचा रुपयाएवढा भाजल्याचा डाग मात्र गायब. तिथं नव्या नवरीसारखी गुळगुळीत कातडी. सरजाबाईनं स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं. डाग होता जागेवर.

लातूरच्या त्या हॉलमध्ये भिंतभर देशोदेशीच्या बायका टांगल्या होत्या. गोंदलेल्या, टोचलेल्या, रंगवलेल्या. ‘बाईची ओळख’ असं दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पुण्याची फोटोग्राफर तनुजा त्यासाठी कुठं कुठं हिंडून आली होती. सरजाबाईच्या शेजारची म्हातारी मोरोक्कोची, हनुवटीवर गोंदलेली. नात लुंबिनी लातुरात क्लासमध्ये शिकवते, तिनंच तनुजाला मुखेडला आजीकडं नेलं होतं. आणि जन्मभर पदर भुवईपर्यंत ओढून वावरलेल्या सरजाबाईनं त्या दिवशी आपण होऊन पदर मागं सारला होता. नीट काढ म्हणाली होती, सगळं दिसू दे.

सगळं म्हणजे काय, ते या बयेला कळलंच नाही.

"ओ बाई, इकडं या जरा," सरजाबाईनं तनुजाला हाक मारली. "हितला डाग कुठं गेला माझा?"

तनुजा हसत आली. "तो मी काढला, आजी. कॉम्प्युटरवर निघतो. त्याच्यामुळं गोंदणाकडं लक्षच जात नव्हतं. आता बघा किती देखणं दिसतंय."

"कुणाला इचारून काढला?"

"अहो आजी, गोंदण हीच तर तुमची ओळख आहे."

सरजाबाईची कानशिलं तापली. ओळख म्हणे. काल-परवा भेटलेली ही पोर, आणि ही माझी ओळख मलाच सांगणार.

"गोंदलं तवा दोघीजणींनी माझे हातपाय दाबून धरले व्हते," ती म्हणाली. "कळत बी नव्हतं मला. पुढं घरानं धम्म घेतला. समद्यांचं कुकू सुटलं, माझा ठिपका सुटंना. पाणवठ्यावर गावातल्या बाया दात काढायच्या. कुकू सोडलं म्हणता, मंग कपाळावर हे काय, म्हणायच्या. एक दिवस बिब्बा तापवला आन् त्याचं तेल घेतलं ठिपक्यावर लावून. असं उतलं की तोंड सुजून डोळे मिटले. ठिपका काय गेला न्हाई. पर ह्यो डाग माझा हाय, बाई. माझ्या हातानं केलेला."

लुंबिनी बघतच राहिली. आजीचं कपाळ चुलीवर भाजलं असेल, असंच ती इतकी वर्षं समजत होती.

तनुजाचं हसू उतरलं. पण पाहुणे खुर्च्यांवर येऊन बसले होते, तिकडं तिचा एक डोळा होता. "सॉरी आजी, मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या प्रदर्शनात नक्की बदलते. आज एवढं होऊन जाऊ दे."

"आज न्हाई तर कवा? मी मेल्यावर?"

"आज्जी, हळू," लुंबिनी कुजबुजली. "लोकं बघायलेत."

"बघू दे की. बघायलाच बोलावलंय त्यांना."

तेवढ्यात माइकवर नाव पुकारलं गेलं. ज्यांच्या भाळी आपली परंपरा कोरलेली आहे, अशा सरजाबाईंच्या हस्ते आता दीपप्रज्वलन होईल. टाळ्या पडल्या. कुणीतरी पेटवलेली मेणबत्ती तिच्या हातात दिली आणि अदबीनं समईकडं हात केला.

परंपरा. सरजाबाईनं मेणबत्तीकडं पाहिलं, मग समईकडं. समईला वळसा घालून ती सरळ आपल्या फोटोपाशी गेली.

"आजी, समई इकडं आहे," मागून कुणीतरी म्हणालं. म्हातारी चुकली असं वाटून दोघं-तिघं हसले.

फोटो तिच्याच उंचीचा होता, त्यामुळं हात फार वर न्यावा लागला नाही. तिनं दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा केला आणि ठिपक्याच्या कडेनं ती हळूहळू फिरवली. कागद आधी पिवळा पडला, मग तपकिरी. मग फुगला. जळका वास सुटला तसं हसणं थांबलं.

"अहो, काय करताय," तनुजा धावली. लुंबिनी मधे आली आणि तिनं तनुजाचा दंड घट्ट धरला. "थांबा मॅडम. होऊ द्या तिचं."

रुपयाएवढं जळालं तशी सरजाबाईनं फुंकर मारून मेणबत्ती विझवली. मान तिरकी करून पाहिलं. मधोमध ठिपका, भोवती डाग. बराबर होतं.

माइकवाल्यानं माइक खाली केला होता. सरजाबाईनं पदर सारखा केला, पण भुवईपर्यंत ओढला नाही. मग ती शेजारच्या मोरोक्कोच्या म्हातारीच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. तिची हनुवटी, गाल, कपाळ जवळून निरखलं. सगळं कसं गुळगुळीत होतं.

"आता हिचं सांग," ती तनुजाकडं वळून म्हणाली. "हिचं काय काय पुसलंस?"