पाचवं स्थान

"मासळी सोडली, चहातली साखर सोडली. आता जावेच्या अंगणात गुडघे टेकायचे तेवढे राहिले होते," पावलीनबाय कुंपणाबाहेरूनच फणकारली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या चौदा स्थानांची प्रार्थना, गावात घरोघर फिरते; एकेका अंगणात एकेक स्थान. तिचं पाचवं स्थान वीस वर्षं पावलीनबायकडे असे. यंदा फादरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि ते गेलं जावेकडे. विहिरीच्या भांडणानंतर नऊ वर्षं पावलीनबायनं त्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

"देवाची योजना, बाय," फादर म्हणाले होते.

"मग देवानं मला विचारायचं होतं."

लाकडी क्रूस घरच्या बाईनंच अंगणात न्यायचा, असा रिवाज. जावेला तो पेलेना. दोन पावलांत ती कलंडली.

पावलीनबायनं फाटक ढकललं आणि क्रुसाचं मागचं टोक खांद्यावर घेतलं. "नीट धर. देवाला पाडशील."

"तू कशाला आलीस?" जाऊ पुटपुटली.

पुढे शाळेचे मास्तर पाचव्या स्थानाचा उतारा वाचत होते: शिपायांनी शिमोन नावाच्या वाटसरूला धरलं आणि येशूचा क्रूस बळेच उचलायला लावला.

"ऐकलंस?" पावलीनबाय धुसफुसली. "त्याला तरी कुणी विचारलं होतं?"