लहानांची पंगत आधी

उडती रिक्षा इस्पितळाच्या गच्चीवर नुसत्याच घिरट्या घालत राहिली, तसा शलाकाचा जीव टांगणीला लागला. मांडीवरच्या लेकीला धाप लागली होती.

"उतर ना गं बाई!"

"शेजारच्या धावपट्टीवर आत्ताच मोठं विमान उतरलंय. त्याच्यामागचे हवेचे भोवरे विरायला तीन मिनिटं लागतात. त्यात सापडलो तर उलटू," बिनचालकाची रिक्षा म्हणाली.

तीन मिनिटं भरत आली की पुढचं विमान यायचं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"भोवरे मागून येणाऱ्यालाच छळतात ना? मग पुढच्या विमानाआधी आम्हाला उतरू दे म्हणावं! लहानांची पंगत आधी बसते. थांबू देत की मोठे!"

"तसा नियम नाही, ताई. विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला विचारून बघते."

लेकीचे ओठ निळसर होत चालले होते.

समोरून येणारं अवाढव्य विमान नाक उचलून बाजूला वळलं, आणि मोजणी पहिल्यांदाच शून्यापर्यंत गेली.